बॅटरी की बंदूक

आमच्या बदलापुरात टॉर्चला टॉर्च म्हणत नाहीत, बॅटरी म्हणतात. ‘बॅटरी कुठाय?’ हा प्रश्न २००४-०५च्या सुमारास आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी विचारला जायचा आणि ‘जागेवर असेल’ एवढंच त्याचं उत्तर असायचं. ही जागा कोणती, ते उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक नसे. चाचपडत बॅटरी सापडलीच, तर तिच्यात सेल नसत. ते भिंतीवरच्या घड्याळात गेलेले असत, घड्याळातले रिमोटात आणि रिमोट सोफ्याखाली. ही साखळी उलगडेपर्यंत लाइट यायचे आणि अख्खी आळी ‘आऽऽले’ म्हणून ओरडायची. वर्ल्ड कप जिंकल्यावरही एवढ्या एकमुखाने कोणी ओरडलं नसेल.

भारनियमनाच्या त्या काळात, ऑगस्ट २००४मध्ये, टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम ३’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याची खासियत काय, तर अंधार. जो माल आमच्याकडे रोज काही तास वेळापत्रकानुसार फुकट मिळत होता, तो त्यांनी खोक्यात घालून विकायला काढला होता.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. साल २१४५. मंगळावर युनियन एरोस्पेस कॉर्पोरेशन नावाच्या बड्या कंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथला मुख्य शास्त्रज्ञ माणसांना एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात पोचवायचं यंत्र बनवतोय. (कल्याणहून बदलापूरला क्षणात पोचवणारं यंत्र असतं तर मी स्वतः वर्गणी काढली असती.) पण या यंत्राचं दुसरं दार थेट नरकात उघडतं. शास्त्रज्ञाचं नाव बेट्रुगर. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी ठक, लबाड असा होतो. अर्ज आला तेव्हा त्या कंपनीत जर्मन येणारा एकही माणूस नसावा. तुम्ही तिथे नव्याने रुजू झालेले सैनिक. नोकरीचा पहिला दिवस. एक हरवलेला शास्त्रज्ञ शोधून आण, एवढं साधं काम सांगितलेलं. तुम्ही त्याला शोधता, तेवढ्यात नरकाचं दार उघडतं, लाइट जातात आणि सकाळी ओळख झालेले सहकारी डोळे पांढरे करून अंगावर येतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं, पण ती पुढची गोष्ट.

आता मुद्द्याचं. या सैनिकाकडे बंदूक आहे आणि बॅटरीही आहे. पण दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. बॅटरी काढली की बंदूक खाली, बंदूक काढली की बॅटरी बंद. कीबोर्डवरचं ‘एफ’ दाबायचं, समोर काय आहे ते बघायचं, दचकायचं, मग घाईघाईने बंदूक काढायची आणि आता समोर काहीच दिसत नाही म्हणून अंदाजाने गोळ्या झाडायच्या. यावरून जगभर खेळणाऱ्यांत उभी फूट पडली. एक बाजू म्हणे, हीच तर भीतीची किल्ली. दुसरी म्हणे, मंगळावर माणूस पोचवलात, नरकापर्यंत बोगदा काढलात आणि बंदुकीला टॉर्च बांधायला तुम्हाला एक दोरी मिळाली नाही?

आमच्यातही दोन कॅम्प पडले. उल्हासनगरला आधीचे पाच होतेच.

उल्हासनगरचा उल्लेख निघालाच आहे तर गेम आला कसा तेही सांगून टाकतो. वीसेक वर्षं झाली, आता हरकत नाही. माझा मामेभाऊ उल्हासनगरला चार नंबरात राहायचा. हे शहर म्हणजे मूळची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना वसवलं आणि १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. पण पत्त्यांत अजूनही बॅरेकचा नंबर लिहितात. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. तो मारणाऱ्या माणसाची जीन्स बहुतेक वेळा पाच नंबरात शिवलेली असते. तर आमचा ‘डूम ३’ या दोन्ही अर्थांनी मेड इन यूएसए होता. मूळ गेम तीन सीडींचा. मामेभावाने एका दुकानातून आणलेल्या तीन सीडींवर स्केच पेनाने डूम १, डूम २, डूम ३ असं लिहिलेलं होतं. हे तीन वेगवेगळे गेम आहेत अशा समजुतीने आम्ही पहिली सीडी दोन दिवस पुन्हापुन्हा घालून काढून बघत होतो.

कॉम्प्युटरही तिथलाच, जुळवलेला. खोक्यावर लिहिलेल्या अटींनुसार कमीत कमी ३८४ एमबी रॅम हवी होती. आमची २५६. दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर हवा होता, तो कसाबसा होता. ग्राफिक्स कार्ड मामेभावाने कुठून तरी सेकंडहँड पैदा केलं होतं आणि ते तापायचं म्हणून कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावलेला असायचा. या गेममधलं सर्वांत वरचं सेटिंग नीट चालायला ५१२ एमबीचं कार्ड लागे, जे तेव्हा अमेरिकेतल्या घरांतही नव्हतं. आम्ही अर्थातच सर्वांत खालच्या सेटिंगवर होतो. राक्षस अंगावर झेप घ्यायचा तो हप्त्याहप्त्याने. हवेत एकदा, मग अर्ध्यात एकदा, मग एकदम तोंडापाशी. मधल्या वेळात पाणी पिऊन येता यायचं.

खरी गंमत पुढे आहे. या गेमच्या मागचा मेंदू म्हणजे जॉन कारमॅक. १९९३चा पहिला ‘डूम’ ज्या तंत्रावर उभा होता ते त्याचंच. या खेपेला त्याने काय केलं, तर सावल्या. त्याआधीच्या गेममधला उजेड बहुतेक भिंतीवर रंग मारावा तसा आधीच मारून ठेवलेला असायचा. कारमॅकने प्रत्येक दिव्याचा उजेड आणि त्यामुळे पडणारी सावली जागच्या जागी, क्षणाक्षणाला मोजायची व्यवस्था केली. दिवा लटकत हलला की भिंतीवरची सावलीही हलणार. राक्षस दिसायच्या आधी त्याची सावली दिसणार. त्या वर्षी तज्ज्ञांनी डोळे विस्फारले ते या सावल्या पाहून. आणि मशीनला दम लागायचा तोही या सावल्यांमुळेच. म्हणून मामेभावाने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन सावल्या बंद केल्या. एखाद्याने मस्तानी मागवावी आणि आइस्क्रीम काढून टाकायला सांगावं, तसा आम्ही ‘डूम ३’ खेळलो.

वादाकडे वळू. मामेभावाचं म्हणणं सरळ होतं. “अरे, चिकटपट्टी नाय का त्यांच्याकडे?” नेमका हाच प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. गेम आल्यावर काही दिवसांतच कुणा हौशी माणसाने गेममध्ये फेरफार करून बंदुकीला टॉर्च चिकटवून दिला आणि त्या फेरफाराला नावच दिलं ‘डक्ट टेप’. सायबर कॅफेतून तो उतरवून आणला तेव्हा मामेभावाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघण्यासारखं होतं. अमेरिकेला जे चार वर्षं खपून सुचलं नाही ते उल्हासनगरला एका वाक्यात सुचलं, असं तो अजून लग्नकार्यांत सांगतो.

दुसऱ्या बाजूला माझा अंबरनाथचा मित्र. नियम म्हणजे नियम, हे त्याचं मत. सैनिकाला निवड करावी लागते, बघायचं की लढायचं, त्यातच मजा आहे. त्याला शौर्यपदकांची पुस्तकं वाचायची सवय होती. त्याच्या वडिलांना आम्ही एकदा पंच म्हणून बोलावलं. काका अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत होते. म्हणजे अजून जगात नसलेली वस्तू पहिल्यांदा बनवून बघायची, हेच ज्यांचं काम. त्यांनी चष्मा वर करून पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं. राक्षसाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग म्हणाले, “नळीवर एक क्लॅम्प मारायचा, दोन स्क्रू. दुपारपर्यंत करून देतो.” आणि जाता जाता, “यांचा मेंटेनन्सवाला कोण आहे? एवढ्या ट्यूब फडफडतायत, चोक बदला म्हणावं.”

मित्र खट्टू झाला. पण हरायला तयार नव्हता. तो आम्हाला शिवमंदिरात घेऊन गेला. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांच्या काळातलं. बाहेरून त्याच्या कोरीव कामाचे फोटो सगळे काढतात. त्याचं म्हणणं, खरी गोष्ट आत आहे. मंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या खाली उतरतात. बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी काही म्हणजे काही दिसत नाही. एकेक पायरी पायाने चाचपत उतरायचं. वरच्या उघड्या शिखरातून थोडासा उजेड खाली पडतो, आणि डोळे सरावले की त्या उजेडात पिंड दिसते. “बघ,” तो कुजबुजला, “बॅटरी लावली असतीस तर काय उरलं असतं?” मागून उतरणाऱ्या एका आजींनी त्याच वेळी मोबाइलचा उजेड पाडला आणि “जपून रे बाळांनो” म्हणाल्या. वाद अनिर्णित राहिला.

मी मात्र बदलापूरचा. मला दोन्ही बाजू पोरकट वाटत होत्या, कारण माझ्या घरात हा प्रश्न कधीच सुटलेला होता. फ्यूज उडाला की आई स्टुलावर चढायची. बॅटरी दातांत, डाव्या हातात पक्कड, उजव्या हातात तार, खांदा भिंतीला, आणि त्याच अवस्थेत ती बाबांना सूचनाही देत असे. दातांत बॅटरी असल्यामुळे त्या नीट कळत नसत, पण सूर कळायचा. पावसाळ्यात मागच्या दारी फुरसं निघायचं. तेव्हा आजोबा एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन बाहेर पडत, छत्री मान आणि खांद्याच्या मध्ये धरलेली. माझ्या लेखी ‘डूम ३’मधली सगळ्यात मोठी त्रुटी राक्षसांची नव्हती, सैनिकाला दात नव्हते ही होती. किंवा असतील, पण त्याच्या आईने त्याला काही शिकवलं नव्हतं.

मी खेळायचो तो रात्री, आणि वीज जायच्या वेळा टाळून. पण वेळापत्रक छापलेलं असलं तरी ते पाळायची सक्ती फक्त आमच्यावर होती. कॉम्प्युटरला एक यूपीएस होता. वीज गेली की तो कुंऽ कुंऽ असा रडायला लागायचा, आणि बरोबर सात मिनिटांनी प्राण सोडायचा. नरकातून आलेल्या कुठल्याही प्राण्याच्या आवाजाने माझ्या अंगावर आला नाही एवढा काटा त्या कुंऽ कुंऽने आलेला आहे. कारण सात मिनिटांत ‘एफ फाइव्ह’ दाबून गेम जतन करायचा होता, आणि नेमका तेव्हाच एखादा राक्षस कपाटातून बाहेर पडत असे. पडद्यावर अंधार, पडद्याबाहेर अंधार. मंगळावर बॅटरी लावायची का घरात लावायची, हे ठरवेपर्यंत दोन्हीकडे मी मेलेला असायचो.

कपाटांबद्दल मात्र टीकाकारांचं बरोबर होतं. त्या बाबतीत मी कोणत्याही कॅम्पात उभा राहून हेच सांगेन. पहिला तासभर हा गेम जबरदस्त आहे. नंतर तुमच्या लक्षात येतं की कोपऱ्यात एकटंच पडलेलं चिलखत दिसलं की ते उचलू नये. उचललं की पाठीमागची भिंत सरकणार आणि आतून कोणीतरी येणार. दरवाजा उघडला की दाराआड एक. जिना चढला की वर एक. दहाव्या वेळी भीती जाऊन कीव यायला लागते, की हा बिचारा सकाळपासून या अडगळीत माझी वाट बघत उभा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘हाफ लाइफ २’ आला, त्यातल्या शत्रूंना निदान इकडेतिकडे फिरायची मुभा होती. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये दारातून आत शिरणाऱ्या माणसाला पाठीमागून कोण येईल, याचा अंदाज ‘डूम ३’पेक्षा कितीतरी कमी असतो.

पण एक गोष्ट टीकाकारांनी फारशी लक्षात घेतली नाही, आणि मला ती आज सगळ्यांत जास्त आवडते. मेलेल्या कर्मचाऱ्यांची हातातली छोटी उपकरणं तुम्हाला सापडत जातात, त्यांत त्यांचे ईमेल आणि बोलून ठेवलेल्या नोंदी असतात. यंत्रं बिघडल्याच्या तक्रारी, अपघात, वरिष्ठ ऐकत नाहीत ही कुरकुर. शेजारी नरक उघडतोय आणि लोक स्टोअर खात्याशी पत्रव्यवहार करतायत. एक प्रकरण तर असं, की मंगळावर दगड फोडायची यंत्रं मागवली आणि चुकून लाकूड कापायच्या साखळी-करवतींची खोकी येऊन पडली. मंगळावर! जिथे झाड नाही, झुडूप नाही. ज्या कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीत चलानाप्रमाणे माल उतरवून घेतलाय, तो या जागी गेम थांबवून हसल्याशिवाय राहणार नाही. आता परत पाठवायचं तर भाडं कोण भरणार, म्हणून ठेवून घेतल्या. राक्षस कापायला त्याच उपयोगी पडल्या.

त्याच ईमेलांत एक फडतूस जाहिरात होती, ‘मार्शियन बडी’ नावाच्या कुठल्याशा योजनेची. गेममध्ये एक बंद कपाट होतं त्याच नावाचं, आणि त्याचा आकडा गेममध्ये कुठेच नव्हता. तो खऱ्या इंटरनेटवर, त्या नावाच्या खऱ्या वेबसाइटवर टाकलेला होता. काय कल्पना आहे! पण टेक्सासमधल्या त्या मंडळींच्या मनात घरात इंटरनेट असलेला खेळाडू होता. मला त्यासाठी पावसात सायकल मारत स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जावं लागलं. तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला पंधरा. पान उघडायला वीस मिनिटं गेली, मग लाइट गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा रुपये. आकडा तळहातावर लिहून घरी येईपर्यंत पावसाने पुसला. तिसऱ्या दिवशी पाठ करून आलो.

२६ जुलै २००५ला पाणी चढलं तेव्हा बाबांनी आधी धान्याचा डबा वर चढवला, मग देव, मग कॉम्प्युटर. क्रम योग्यच होता. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. कॉम्प्युटर वाचला, सीडी वाचल्या नाहीत. मी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलोच नव्हतो.

म्हणजे तो गेम मी खऱ्या अर्थाने पुरा केला तो मागच्या वर्षी. सेलमध्ये पैसे देऊन घेतला, मेड इन यूएसएच्या एकाच अर्थाने. तिघांच्या वाट्याचं प्रायश्चित्त एका वडापावाच्या किमतीच्या आसपास झालं. आता माझ्या साध्या लॅपटॉपवर तो सर्वांत वरच्या सेटिंगला पळतो, पंखासुद्धा फिरत नाही. वीस वर्षांनी मी पहिल्यांदा त्या सावल्या पाहिल्या. एका बोळात लोंबकळणारा दिवा होता आणि त्याच्याबरोबर अख्खी भिंत डुलत होती. मी तिथेच उभा राहिलो. मागून येऊन एकाने मला खाल्लं, तरी चालेल असं वाटलं. खाल्लंच.

२०१२ साली कंपनीने या गेमची नवी आवृत्ती काढली, बीएफजी एडिशन. तिच्यात सैनिकाच्या चिलखतालाच टॉर्च बसवून टाकला. आता बंदूक हातात आणि उजेड खांद्यावर. मामेभाऊ आठ वर्षांनी का होईना, जिंकला. त्याने मला त्या वर्षी फोन करून सांगितलं होतं, “काकांना सांग, क्लॅम्प मारला.” मी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी खेळून बघितल्या. नव्यात सगळं दिसतं. सगळं दिसतं म्हणून लक्षात येतं की बघण्यासारखं फार नव्हतं. २०१६चा ‘डूम’ तर लख्ख उजेडातच आला, टॉर्च नाही, भीती नाही, नुसती धावपळ. तो मला आवडतो, पण तो माझा प्रांत नाही.

दिवाळीला भाचा आला होता, वय बारा. त्याला जुनी आवृत्ती लावून दिली. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे मंजूर नव्हतं, म्हणून गुपचूप. खोलीतले दिवे बंद केले. आमच्याकडे आता इन्व्हर्टर आहे, सोसायटीला जनरेटर आहे, अंधार मुद्दाम करावा लागतो. दोन मिनिटांनी त्याने तोच प्रश्न विचारला. “मामा, याला बंदुकीला टॉर्च लावता येत नाही?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “मग तोंडात धरायचा ना.”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “बघ.”

तेव्हा तुम्हाला खेळायचाच असेल तर मूळची, टॉर्च हातात असलेलीच आवृत्ती खेळा, रात्री खेळा, कोपऱ्यातलं चिलखत उचलू नका. आणि मार्शियन बडीच्या कपाटाचा आकडा ०५०८ आहे. माझ्या बायकोचा मोबाइल नंबर मला अजून पाठ नाही.